लॉन कापायचं इलेक्ट्रिक मशीन : आधी पिन काढा, मग हात लावा



व्हिडिओत तुम्ही मशीन चालताना पाहिलंत. गवत कसं सरसर कापलं जातं, पिशवी कशी भरते, सगळं छान दिसतं. पण व्हिडिओत वायरची जाडी दिसत नाही, पात्याचा वेग दिसत नाही आणि बोर्डामागची वायरिंग तर अजिबात दिसत नाही. या धंद्यात माणूस अडचणीत येतो तो नेमका या न दिसणाऱ्या गोष्टींमुळे. म्हणून हा धडा लिहून देतोय. सावकाश वाचा, वहीत उतरवून घ्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. लॉन कापायचं मशीन कोणीही विकत घेऊ शकतं. ग्राहकाने ठरवलं तर तोही घेईल. मग तो तुम्हाला पैसे कशाचे देणार? काम नीट होईल, वेळेवर होईल आणि त्याच्या आवारात कोणाला इजा होणार नाही, या खात्रीचे. सुरक्षितता हा या धंद्यातला जादा खर्च समजू नका. तुम्ही विकता तो मालच तो आहे.

१. सेलूत हे काम आहे कुठे?

सेलू म्हटलं की कापूस, जिनिंग आणि मोंढा डोळ्यांसमोर येतो. लॉन कुठून येणार, असं वाटेल. जरा गावात फिरून बघा. मंगल कार्यालयांच्या पाटीवर आता 'लॉन्स' हा शब्द असतोच. शाळा-कॉलेजांची आवारं, दवाखान्यांसमोरची हिरवळ, पेट्रोल पंप, नवीन बंगले, मंदिरांच्या बागा ही सगळी तुमची संभाव्य गिऱ्हाइकं.

खरं सांगायचं तर एकट्या सेलूवर वर्षभर पोट भरेल असं धरून चालू नका. पण रेल्वेच्या एका बाजूला परतूर, दुसऱ्या बाजूला मानवत रोड आणि परभणी आहे. रस्त्याने पाथरी, जिंतूर आहे. आठवड्याचे वार वाटून घेतले तर कामाचा घेर वाढतो. लॉनच्या जाती, माती, खत यांची माहिती हवी असेल तर परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ जवळच आहे. तिथल्या उद्यानविद्येच्या लोकांना भेटा, प्रश्न विचारा.

२. मशीन ओळखा

गवत कापायचं यंत्र १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग नावाच्या कारागिराने बनवलं. कल्पना त्याला कापड गिरणीत सुचली. लोकरी कापडावर वर आलेले धागे कातरणारं एक यंत्र होतं, तेच त्याने जमिनीवर आणलं. त्याच्या यंत्रात आडव्या रुळावर पाती होती आणि ती कात्रीसारखी कापायची.

आज बाजारात जे इलेक्ट्रिक मशीन मिळतं ते बहुतेक वेळा वेगळ्या पद्धतीचं असतं. त्यात खालच्या बाजूला एकच लांब पातं पंख्यासारखं आडवं फिरतं. वेग किती? ३८ सेंटिमीटरचं पातं मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर त्याचं टोक ताशी साधारण २१५ किलोमीटर वेगाने पळतं. एवढ्या वेगाने खडा उडाला तर समोरची काच फुटते, डोळा जातो. लिव्हर सोडल्यावरही पातं काही सेकंद फिरत राहतं. आवाज थांबला म्हणजे पातं थांबलं असं नाही.

मशीनच्या माहितीच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे का बघा. ती असेल तर मशीन दुहेरी इन्सुलेशनचं आहे, त्याला अर्थिंगची गरज नसते. ती खूण नसेल तर तीन पिनांचा प्लग आणि चांगलं अर्थिंग हवंच. तिसरी पिन तोडून दोन पिनांच्या बोर्डात खुपसायचा प्रकार आपल्याकडे सर्रास दिसतो. तो आजपासून बंद.

३. करंटचं गणित : इथे काटकसर नको

समजा तुमचं मशीन १,६०० वॅटचं आहे. २३० व्होल्टवर ते साधारण ७ अँपिअर करंट ओढतं. पंखा-दिव्याचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, म्हणजे तो या मशीनसाठी नाही. मोठा, १६ अँपिअरचा पॉवर सॉकेटच मागा. 'इथेच लावा, काही होत नाही' असं कोणी म्हणालं तरी लावू नका. बोर्ड वितळला तर नाव तुमचं येईल.

आता वायर. लॉनवर ५० मीटर वायर सहज लागते. तांब्याची वायर धरली तर ७ अँपिअरला ५० मीटरवर होणारी व्होल्टेजची घट साधारण अशी येते:

- ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर : १८ व्होल्ट
- १.५ चौरस मिलिमीटरची वायर : ९ व्होल्ट
- २.५ चौरस मिलिमीटरची वायर : ५ ते ६ व्होल्ट

आपल्याकडे व्होल्टेज काही वेळा २०० वर उतरतं. त्यातून बारीक वायरने आणखी १८ गेले तर मशीनला १८२ मिळतील. मोटर दमते, गरम होते आणि एक दिवस वाइंडिंग जळतं. मग लोक म्हणतात, 'मशीन डुप्लिकेट निघालं.' मशीन बरं होतं, वायर चुकली. म्हणून निदान १.५ ची, जमलं तर २.५ ची, तीन तारांची, रबरी किंवा जाड आवरणाची, आयएसआय मार्कची लवचिक वायर घ्या. मध्ये एकही जोड नको. चिकटपट्टी लावलेला जोड ओल्या गवतावरून ओढणं म्हणजे संकटाला घरी बोलावणं.

आणखी एक. वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर काम लहान असलं तरी पूर्ण उलगडा. गुंडाळीतली वायर तापते आणि आतल्या आत वितळते.

४. जीव वाचवणारी डबी

बहुतेकांना वाटतं, बोर्डात एमसीबी आहे म्हणजे शॉक लागणार नाही. हा गैरसमज आहे. एमसीबी वायरिंगला वाचवते, माणसाला नाही. १६ अँपिअरची एमसीबी जास्त भार आला किंवा शॉर्टसर्किट झालं तरच पडते. माणसाचा जीव जायला त्याच्या कितीतरी कमी करंट पुरतो.

माणसासाठी असते ती आरसीसीबी. काही दुकानदार तिला जुन्या सवयीने ईएलसीबी म्हणतात. तिचं काम सोपं आहे. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला का, हे ती सतत तपासते. मध्येच काही करंट अंगातून जमिनीत जायला लागला तर फरक पडतो, आणि फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोचला की ती डोळ्याचं पातं लवायच्या आत पुरवठा तोडते. ३० मिलिअँपिअर म्हणजे त्या १६ अँपिअरचा पाचशेवा भागसुद्धा नाही.

ग्राहकाकडे आरसीसीबी असेलच असं नाही. म्हणून स्वतःची डबी करून घ्या. परवानाधारक वायरमनकडून एका प्लॅस्टिकच्या बंद पेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, १० अँपिअरची एमसीबी आणि १६ अँपिअरचा सॉकेट बसवून घ्या. ग्राहकाच्या बोर्डाला आधी डबी, डबीला वायर, वायरला मशीन, हाच क्रम. प्रत्येक कामाआधी डबीवरचं 'टेस्ट' बटण दाबा. ती पडली तर काम सुरू. पडली नाही तर काम बंद, मग समोर कोणीही उभं असो.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला तर आरसीसीबीला फरक दिसत नाही. त्यामुळे डबी आहे म्हणून उघड्या तारांशी खेळायचं नाही.

५. मशीन सुरू करण्याआधीची पंधरा मिनिटं

मंगल कार्यालयाचं लॉन हे बंगल्याच्या लॉनसारखं नसतं. लग्न उरकलं की गवतात काय काय राहतं बघा : मंडपाच्या खुंट्या, खिळे, टाचण्या, हारातली तार, सुतळी, बाटल्यांची झाकणं, लायटिंगवाल्याची विसरलेली वायर. म्हणून आधी पूर्ण लॉनवरून ओळीने चालत जा आणि दाताळं फिरवा. उंच गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटा, पावसाळ्यात साप निघतो.

मग ही यादी वाचा. पाठ झाली असली तरी वाचाच.

१. अंगठा झाकणारे, रबरी तळव्याचे बूट. चप्पल घालून काम नाही.
२. डोळ्यांना चष्मा, अंगावर फुल पँट. उपरणं, ओढणी, सैल बाही लोंबती नको.
३. पिन काढलेली असताना मशीन आडवं करून पात्याचा बोल्ट घट्ट आहे का बघा.
४. वायर हातातून सरकवत पूर्ण तपासा. चीर दिसली तर ती वायर आज वापरायची नाही.
५. मुलं, कुत्री आणि बघे लोक किमान १५ मीटर लांब.
६. कापायची उंची ठरवा. गवताचा वरचा एक तृतीयांश भागच एका वेळी कापायचा. तीन इंच वाढलं असेल तर एकदम एक इंचावर आणू नका. मुळं उघडी पडतात आणि मराठवाड्याच्या उन्हात लॉन करपतं. उन्हाळ्यात तर उंची जरा जास्तच ठेवा.

६. चालवताना

सॉकेटच्या जवळून सुरुवात करा आणि लांब लांब जात राहा. असं केलं की वायर नेहमी कापून झालेल्या भागावर राहते. वायर खांद्यावरून मागे टाका. वळताना आधी वायर बाजूला, मग मशीन.

मशीन पुढे ढकलायचं, स्वतःकडे ओढायचं नाही. घसरून पडलात तर पाय थेट पात्याखाली जातो. उतार असेल तर आडव्या रेषेत कापा.

हँडलवरची लिव्हर धरली की मशीन चालतं, सोडली की बंद होतं. बोटं दुखतात म्हणून काही जण ती लिव्हर सुतळीने बांधून टाकतात. तुमच्या टीममधल्या कोणी असं केलं तर त्याच दिवशी त्याला कामावरून घरी पाठवा. मशीन बनवणाऱ्याने दिलेला तो शेवटचा बचाव आहे.

गवत अडकलं, पातं थांबलं, पिशवी काढायची आहे, उंची बदलायची आहे? क्रम एकच : लिव्हर सोडा, पातं थांबेपर्यंत थांबा, बोर्डातून पिन काढा, मग हात लावा. नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण बटण कोणीही परत दाबू शकतं. पिन स्वतःच्या नजरेसमोर राहिली पाहिजे.

उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर असतो तेव्हा मोटरलाही ऊन लागतं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी काम करा आणि मध्ये मध्ये मशीनला विश्रांती द्या.

७. पावसाळ्याचा पेच

या धंद्यातली खरी परीक्षा इथे आहे. गवत सगळ्यात जास्त वाढतं ते आषाढ-श्रावणात, आणि नेमकं तेव्हाच ते ओलं असतं. ओलं गवत, काळी माती आणि विजेची वायर हे तिन्ही एकत्र आले की मशीन बाहेर काढायचं नाही. पाऊस थांबला, चांगलं ऊन पडलं, गवतावर तळहात फिरवून तो कोरडा राहिला, तरच काम. काळी माती तर आतून कितीतरी वेळ ओली राहते. चाकं रुततात आणि लॉनवर चाकोऱ्या पडतात, म्हणजे ग्राहकाचंही नुकसान.

पण ग्राहक ऐकत नाही. बोलणं साधारण असं होतं:

'अहो, उद्या संध्याकाळी साखरपुडा आहे. आज कापूनच द्या.'

'साहेब, गवत ओलं आहे. आज मशीन लावलं तर माझ्या माणसाला धोका आहे, आणि तुमच्या लॉनवर चाकोऱ्या पडतील.'

'दुसरा कोणी येऊन करून जाईल.'

'करेलही. पण तुमच्या आवारात काही झालं तर कार्यक्रम बाजूला राहील आणि पोलीस येतील. उद्या ऊन पडलं की आम्ही अकराला हजर. नाहीच पडलं तर कडा आणि वाट हाताने कापून देतो, त्याचे वेगळे पैसे नकोत.'

नुसतं 'नाही' म्हणू नका. नकारासोबत पर्याय द्या. त्यासाठी गवत कापायची मोठी कात्री आणि दोन विळे कायम सोबत ठेवा. आणि महिन्याचा करार करतानाच लिहून घ्या : 'पाऊस किंवा ओलं गवत असल्यास काम पुढच्या कोरड्या दिवशी.' आधी लिहिलेलं असलं की ऐनवेळी वाद होत नाही.

८. देखभाल : मशीन टिकलं तर नफा टिकतो

रोज, काम संपल्यावर : पिन काढा. मशीनच्या पोटात चिकटलेलं गवत लाकडी पट्टीने खरवडा. पाईपने पाणी मारू नका, मोटरीत जातं. हवेच्या जाळ्या कोरड्या ब्रशने साफ करा. वायर सैल वेटोळ्यात गुंडाळा, कोपरावर आवळून नको.

साधारण २० ते २५ तास काम झाल्यावर : पात्याला धार लावा. कापलेल्या गवताची टोकं फाटलेली आणि दोन दिवसांत पिवळी पडलेली दिसली की पातं बोथट झालं असं समजा. पातं काढताना जाड हातमोजे घाला, कानस मूळच्या कोनातच फिरवा आणि दोन्ही टोकं सारखी घासा. मग पात्याच्या मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर ते अडकवा. एक बाजू खाली झुकली तर ती जड आहे, तीच थोडी घासा. समतोल नसलेलं पातं मशीन थरथरवतं आणि बेअरिंग खातं. चीर गेलेलं किंवा वाकलेलं पातं ठोकून सरळ करायचं नाही, भंगारात टाकायचं.

दर तीन महिन्यांनी : वायरमनकडून प्लग, स्विच आणि इन्सुलेशन तपासून घ्या. तुमच्या मोटरीला कार्बन ब्रश असतील तर त्यांची झीज बघा. मोटरीतून जास्त ठिणग्या किंवा जळका वास आला तर त्याच क्षणी काम थांबवा.

मशीन ठेवून देताना : कोरड्या जागी, जमिनीपासून वर. आणि उंदरांपासून लांब. उंदराने कुरतडलेली वायर वरून नीट दिसत नाही. म्हणून महिनाभर बंद असलेलं मशीन पूर्ण तपासल्याशिवाय लावायचं नाही.

एक वही ठेवा : तारीख, किती तास चाललं, काय दुरुस्त केलं. कार्यालयवाल्याला ती वही दाखवा. तुमचा भाव का जास्त आहे, हे वेगळं सांगावं लागणार नाही.

९. शॉक लागलाच तर

टीममधल्या प्रत्येकाने हे पाठ करायचं. पडलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा किंवा पिन ओढा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा. मग १०८ ला फोन. माणूस हाकेला उत्तर देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण पाच सेंटिमीटर खोल दाबत राहा, मदत येईपर्यंत. आणि 'काही झालं नाही, बरा आहे' असं तो म्हणाला तरी दवाखान्यात दाखवाच. विजेचा धक्का हृदयाला नंतरही त्रास देऊ शकतो.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण देते. वय १८ ते ७० आणि बँकेत खातं एवढंच लागतं. मदतनिसाचाही विमा काढा, हप्ता तुम्ही भरा.

१०. हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी आहेत. तुमच्या बाजारातले भाव टाकून परत मांडा.

सुरुवातीचा खर्च : मशीन १५,०००, वायर आणि डबी ६,०००, बूट-चष्मे-हातमोजे-दाताळं-पान्हे २,५००, जादा पातं १,०००. एकूण २४,५०० रुपये. मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळू शकतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका.

काम किती होतं? पात्याची रुंदी ३८ सेंटिमीटर असली तरी ओळी एकमेकींवर थोड्या चढवाव्या लागतात, म्हणून ३० धरा. वळणं, पिशवी रिकामी करणं, वायर सरकवणं यात निम्मा वेळ जातो. तासाला साधारण ४ गुंठे. अर्ध्या एकराचं लॉन म्हणजे २० गुंठे, म्हणजे ५ तास कापणी, आणि आधी-नंतरची सफाई धरून पूर्ण दिवस.

समजा त्या दिवसाचे १,६०० रुपये ठरले. मदतनीस ५००, जाणं-येणं १००, दुरुस्ती निधी १००, नव्या मशीनसाठी बाजूला १००. खर्च ८००, तुमची कमाई ८००. वीज ग्राहकाची, हे आधीच बोलून घ्या. हेच काम कोणी १,००० मध्ये करून देत असेल तर तो हे निधी बाजूला काढत नाही, डबी वापरत नाही, मदतनिसाला बूट देत नाही. त्याच्या भावाशी स्पर्धा करू नका.

आजचा गृहपाठ

मशीन अजून घेऊ नका. आधी तीन कामं करा. एक, गावातल्या आणि जवळपासच्या दहा लॉन्सची यादी करा : किती गुंठे, पॉवर सॉकेट कुठे, सध्या कोण कापतं. दोन, वायरमनकडून डबीचा आणि वायरचा भाव काढा. तीन, पाचव्या मुद्द्यातली यादी मोठ्या अक्षरात लिहून प्लॅस्टिकमध्ये घाला. मशीन येईल तेव्हा ती हँडलला बांधायची आहे.

वरून पहिली ओळ मात्र आत्ताच लिहून ठेवा : पिन काढल्याशिवाय हात घालायचा नाही.